उतारा आज हवा असतो



१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना अमलात आली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठीबहुल मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा तो वाद महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायालयाचा निर्णय होईल तेव्हा होईल. खानापूरच्या शेतकऱ्याला जमिनीचा उतारा मात्र आज हवा असतो. तो कन्नडमध्ये मिळतो. ज्याला कन्नड वाचता येत नाही, तो उतारा दुसऱ्याकडून वाचून घेतो, अर्ज पैसे मोजून लिहून घेतो आणि न समजलेल्या मजकुराखाली सही करतो. स्वतंत्र देशाच्या नागरिकाला हे शोभत नाही.

घटनेने या प्रश्नाकडे डोळेझाक केलेली नाही. ३५० वे कलम राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार देते. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी, या दोन तरतुदी केल्या. त्याच वर्षी केंद्राने मान्य केले, की जेथे एखाद्या भाषिक गटाची लोकसंख्या १५ ते २० टक्के आहे, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही निघाव्यात. उणीव आहे ती अंमलबजावणीची. विशेष अधिकारी चौकशी करतो, राष्ट्रपतींना अहवाल देतो. राज्याला आदेश देण्याचा अधिकार त्याला नाही. अखेर सारे राज्यकर्त्यांच्या सद्भावनेवर येऊन ठेपते.

मात्र बेळगावात जो न्याय मागायचा, तोच अक्कलकोट आणि जतच्या कन्नड भाषकाला महाराष्ट्राने दिला पाहिजे. मापे दोन ठेवली, तर मागणीतील नैतिक बळच संपते. पंढरीच्या विठ्ठलाला 'कानडा' म्हणून आळवणाऱ्या समाजाला कन्नड परकी कशी वाटेल? सीमाभागातील मराठी मुलांनी कन्नडही उत्तम शिकावे. पण आजच्या वृद्धाला औषधाची सूचना कळण्यासाठी नातू शिकून मोठा होईपर्यंत थांबायला लावू नये.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगावी अर्ज वाचून-लिहून देणारी माणसे उभी करावीत. ३५० व्या कलमाचा उल्लेख करून मराठीत गाऱ्हाणे द्यावे, त्याची पोच घ्यावी, पाठपुरावा सोडू नये. भारतातील प्रत्येक भाषा राष्ट्राचीच आहे. त्या भाषेत बोलणारा नागरिक सरकारी खिडकीपाशी मुका राहत असेल, तर ते न्यून एका प्रांताचे नव्हे, साऱ्या राष्ट्राचे आहे.