किरणांवर पहारा कुणाचा?

(आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रावरील भाषणाचा संपादित भाग)



सोलापुरातल्या एक्स-रे सेंटरच्या दारावर तीन पात्यांच्या पंख्यासारखी एक खूण दिसते. आतले किरण मात्र दिसत नाहीत, त्यांना वास नाही, चटकाही बसत नाही. चिमणीचा धूर डोळ्यांना कळतो. रंगखात्याचे पाणी नाल्यात आले, तर लहान मूलही बोट दाखवते. किरणांचे तसे नाही. तिथे जाणकार पहारेकरी नेमावाच लागतो.

आपल्याकडे हे काम १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ करते. तारापूरची अणुभट्टी, कर्करोग रुग्णालयातले कोबाल्ट यंत्र, लासलगावचे कांद्यावर किरणप्रक्रिया करणारे केंद्र आणि गल्लीतले एक्स-रे यंत्र, सगळे त्याच्या अखत्यारीत. धूर आणि सांडपाणी मात्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. मग साहजिकच कुणी विचारेल, दोन घरे कशाला? एकच चूल का नको?

आयर्लंडने तसे केले. तिथली किरणोत्सार संरक्षण संस्था १ ऑगस्ट २०१४ रोजी पर्यावरण संरक्षण संस्थेत विलीन झाली. सरकारी संस्थांची संख्या कमी करणे हा त्यामागचा एक हेतू होता. पण आयर्लंडमध्ये अणुवीज केंद्र एकही नाही. आपल्याकडे तारापूर १९६९ पासून वीज देत आहे. जैतापूर प्रकल्पाला पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये ३५ अटींसह मंजुरी दिली. अणुभट्टीच्या सुरक्षेची परवानगी हा त्याहून वेगळा दरवाजा. तिथला हिशोब इथे जसाच्या तसा लागू होणार नाही.

आपले दुखणे निराळे आहे. नियामक मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तर देत आले आणि आयोगाचे अध्यक्ष म्हणजे अणुऊर्जा खात्याचेच सचिव. शेत ज्याचे, राखणदारही त्याच्याच पगारावर! कॅगने २०१२ च्या अहवालात यावर बोट ठेवले. त्याच अहवालातला आकडा ऐका : देशातल्या ५७,४४३ एक्स-रे केंद्रांपैकी नोंदणी झालेली फक्त ५,२७०. राज्याराज्यांत किरणोत्सार सुरक्षा संचालनालये उभारायची होती, ती तेव्हा केरळ आणि मिझोराम या दोनच राज्यांत झाली होती. स्वतंत्र प्राधिकरणाचे २०११ चे विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या 'शांती' कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला. त्याच कायद्याने अणुवीज क्षेत्र खासगी कंपन्यांनाही खुले केले. म्हणजे राखायचे रान आता वाढणार.

नुकसान कुणाचे होते, हे दिल्लीच्या मायापुरीने दाखवले. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले वापरात नसलेले कोबाल्ट-६० चे यंत्र लिलावात भंगारवाल्यांकडे गेले. ते फोडताना कामगारांना किरणांची बाधा झाली, एकाचा जीव गेला. कागदावर नियम होते. पण लिलावाच्या वेळी 'हे काय आहे?' असे विचारणारा जाणकार तिथे नव्हता.

म्हणून मला वाटते, विलीनीकरण हे औषध नव्हे. प्रदूषण मंडळाची कार्यालये जिल्ह्यापर्यंत आहेत, हा त्याचा मोठा गुण. पण सांडपाणी, कचरा, डीजेचा आवाज यांच्या फायलींखाली किरणांची फाईल दबली, तर ती वर कोण काढणार? तज्ज्ञ एका दिवसात घडत नाहीत. दुसरीकडे, मुंबईत बसून प्रत्येक तालुक्यातले यंत्र तपासणेही अवघड. तेव्हा राखणदार वेगळाच असावा, त्याचा पगार आणि नेमणूक भट्टी चालवणाऱ्याच्या हातात नसावी, त्याचे अहवाल मराठीतही मिळावेत आणि त्याची माणसे जिल्ह्यात असावीत. प्रदूषण मंडळाशी त्याने हातात हात घालून काम करावे, त्याच्या पोटात जाऊन नव्हे.

तोवर आपणही थोडे करू शकतो. एक्स-रे काढायला जाल तेव्हा केंद्राचा परवाना पाहायला मागा. संकोच करू नका. गरज नसताना रुग्णासोबत आत थांबू नका. घरातली बाई गरोदर असेल, तर ते आधी सांगा. पहारेकऱ्याला जागे ठेवायचे असेल, तर घरमालकाने अधूनमधून हाक मारावी लागते, आणि या घराचे मालक आपणच आहोत.