प्रेमपत्र आणि लग्नपत्रिका

गेल्या हिवाळ्यात आमच्या आपाच्या मोबाईलवर लग्नपत्रिका आली, मावसभावाच्या नंबरवरून. लगीनसराईचे दिवस, आपाने कौतुकाने बोट लावलं. पत्रिका काही दिसली नाही, दोन दिवसांनी खात्यातले १८ हजार मात्र गेले. महिनाभर ती कुणाला बोलली नाही. मग म्हणाली, "मोबाईलला व्हायरस झाला होता रे."

व्हायरस हा शब्द आपण तापासारखा वापरतो. डॉक्टर ताप म्हणून थांबत नाही. मलेरिया की टायफॉइड, हे बघतो. संगणकाचे जाणकारही तेच करतात. व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो. वर्म, म्हणजे किडा, नेटवर्कमधून आपल्या पायांनी हिंडतो. मे २०१७ मधला वॅनाक्राय तसाच; ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलं होतं. पण लावतो कोण? आणि ट्रोजन सोंग घेऊन येतो. दार आपणच उघडतो. तिथे भोकं बुजवून भागत नाही, हात आवरावा लागतो.

खरे उपद्रव या खणांत नीट बसत नाहीत, ही गंमत. मे २०००मध्ये फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' नावाची ई-मेल सुटली. सोबत प्रेमपत्राची फाइल. नावाशेवटी 'टीएक्सटी' दिसे, म्हणजे साधा मजकूर. त्यापुढचं 'व्हीबीएस' हे प्रोग्रामचं शेपूट विंडोज लपवून ठेवी. उघडलं की घरातल्या फोटोंच्या फाइलींवर ते स्वतःलाच लिही आणि पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना तेच पत्र धाडी. त्याला वर्म म्हणतात; शिरलं मात्र सोंगाने. कवी म्हणून सांगतो, तीन शब्दांना इतके वाचक मला कधी लाभले नाहीत.

आपाची पत्रिका त्याच घराण्यातली. शेवटी 'एपीके' होतं; म्हणजे पत्रिका नव्हे, अ‍ॅप. त्याने तिचे मेसेज वाचले, त्यात बँकेचे ओटीपीही आले. मावसभावाचा मोबाईल आधीच असा हातचा गेला होता.

हे समजावल्यावर तिने विचारलं, "म्हणजे मोबाईल बिघडला नव्हता?"

"नाही आपा. सांगितलं तेच त्याने केलं."

ती गप्प झाली. लगेच १९३० वर फोन केला असता, तर पैसे वाटेत अडवता येण्याची आशा होती. तो महिना तर लाजेत गेला.

परवा धाकट्या भावाच्या मुलीच्या निकाहची पत्रिका मोबाईलवर आली, अगदी खरी. आपाने उघडली नाही. भाचीला फोन लावून म्हणाली, "छापलेली पाठव, बेटा."