पडलेला घोडा आणि आपले जीवदया खाते

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत शांती नगर, मीरा रोड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्ण महोत्सवानिमित्त जीवदयेवर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा विश्वस्त मंडळाने मला केली. मी पंडित नाही आणि पशुवैद्यही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी एवढीच माझी ओळख. म्हणून जीवदयेची थोरवी गाण्याऐवजी व्यवहारातला एकच प्रश्न आपणापुढे ठेवतो. आपल्या वरघोड्यातला किंवा वरातीतला घोडा रस्त्यात पडला, तर पुढे त्याचे काय व्हायला हवे?

घोड्याशी आपले नाते जुने आहे. तिसरे तीर्थंकर श्री संभवनाथ भगवंतांचे लांछन अश्व आहे. भरूचच्या अश्वावबोध तीर्थाची कथा तर सर्वांना ठाऊक आहेच; तेथे श्री मुनिसुव्रत स्वामींनी एका अश्वाला बोध दिला. आपल्या शोभायात्रेच्या ‘वरघोडा’ या नावातही घोडा आहे. ज्या प्राण्याच्या पाठीवर आपण आनंद मिरवतो, त्याच्या दुखण्याची जबाबदारीही आपल्याकडे येते.

घोडा पडतो तो बहुधा रस्त्यामुळे. त्याच्या खुराला लोखंडी नाल असते आणि खाली डांबर, काँक्रीट किंवा गुळगुळीत ठोकळे. माथेरानच्या रस्त्यावर असे ठोकळे बसवण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा तेथील घोडेवाल्यांची तक्रार हीच होती की त्यांवरून घोडे घसरतात. आपला तपस्वींचा वरघोडा पर्युषणाच्या सुमारास निघतो. तेव्हा पाऊस असतो, रस्ते ओले असतात. त्यात बँडचा आवाज आणि फटाके. भ्यालेला घोडा ओल्या रस्त्यावर एकदम वळला की पाय निसटतो.

घोडा पडल्यावर पहिले काम गर्दी मागे हटवणे. वाजंत्री तत्काळ थांबवावी. स्वार उतरलेला असावा. बग्गी असेल तर साजाचे पट्टे सोडावेत, न सुटल्यास कापावेत. घोड्याच्या पायांकडून कधीही जवळ जाऊ नये, पाठीच्या बाजूने जावे. तो धडपडत असेल तर जाणत्या मोतद्दाराने मानेशी बसून डोके खाली धरावे, डोळ्यावर कापड टाकावे आणि डोक्याखाली घडी घातलेले पोते सरकवावे. गाय मागील पायांवर आधी उठते. घोडा आधी पुढचे पाय पसरतो आणि मग मागच्या पायांनी रेटा देतो. त्यासाठी त्याला समोर मोकळी जागा आणि मान हलवण्याची मुभा हवी. लगाम ओढून किंवा चाबूक मारून उठवणे म्हणजे त्याला पुन्हा पाडणे. रस्त्यावर वाळू किंवा पोती टाकली, तर खुराला पकड मिळते. पाय वाकडा लोंबत असेल, तर मात्र पशुवैद्य येईपर्यंत उठवण्याचा आग्रह धरू नये.

घोडा उठला की लोक टाळ्या वाजवतात आणि मिरवणूक पुढे चालू लागते. आपली जीवदया नेमकी येथे थांबते. उभा राहिला म्हणजे बरा झाला असे नव्हे. हा जीव मूळचा शिकार होणारा. दुखणे लपवणे त्याच्या स्वभावात आहे. भीतीच्या भरात तो काही वेळ लंगडतही नाही. सूज आणि लंगडणे पुष्कळदा दुसऱ्या दिवशी दिसते. म्हणून पडलेल्या घोड्याला त्या दिवशी पुन्हा जुंपू नये. तो शांत झाल्यावर नाडी पाहावी. निरोगी घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला साधारण 28 ते 44 आणि श्वास 8 ते 16 असतात. हिरड्या गुलाबी असाव्यात. नाका-कानातून रक्त येणे, झोकांड्या जाणे, चारा-पाणी सोडणे ही धोक्याची लक्षणे होत.

पडलेल्या घोड्याचे गुडघे बहुधा सोलवटतात. जखम स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने धुवावी. हळद, चुना, रॉकेल, इंजिनचे तेल यांतले काहीही लावू नये. जखमेतून पिवळसर, चिकट, तारेसारखा द्रव येत असेल तर सांधा उघडला आहे असे समजून त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. सांध्यात पू झाला तर घोडा कायमचा अधू होऊ शकतो. धनुर्वाताचा धोका घोड्याला फार मोठा, म्हणून त्याचे इंजेक्शन चुकवू नये. माणसाची वेदनाशामक गोळी मात्र स्वतःच्या मनाने देऊ नये.

पट्टीविषयी मी माझ्या धंद्याच्या अधिकाराने बोलतो. दुकानातून आणलेल्या कोऱ्या कापडाला खळ असते. ते न धुता बांधले तर टोचते आणि ओलावा शोषत नाही. आधी कापसाचा जाड, सारखा थर आणि त्यावर पट्टी. कापसाशिवाय घट्ट आवळलेली पट्टी पायामागील दोरीसारखी कंडरा दाबते आणि जखमेपेक्षा मोठी इजा करते. दुखऱ्या पायाबरोबर जोडीच्या पायालाही आधाराची पट्टी बांधतात, कारण सारा भार त्याच्यावर येतो.

हा भार किती घातक असतो, हे देशाने 2016 मध्ये पाहिले. 14 मार्च रोजी देहरादून येथे पोलीस दलातील शक्तिमान या घोड्याचा मागचा पाय मोडला. शस्त्रक्रिया झाली, पाय कापावा लागला, कृत्रिम पाय बसवला. तरीही 20 एप्रिलला तो गेला. एवढ्या वजनाचा प्राणी फार काळ आडवा राहिला की स्वतःच्या वजनाने त्याचे स्नायू आणि फुप्फुसे दबतात. तीन पायांवर उभा राहिला तर चांगल्या खुरात दाह होतो. म्हणून मऊ अंथरूण, दाणा कमी आणि गवत जास्त, आणि पशुवैद्य सांगेल तेव्हाच हाताने धरून थोडे चालवणे, हा क्रम पाळावा लागतो. मुका मार काही दिवसांत बरा होतो. कंडरा दुखावली तर महिने जातात.

आता हिशोबाची गोष्ट. घोडेवाल्याची कमाई रोजची असते. घोडा बसला तरी चारा थांबत नाही आणि मालकाच्या घरची चूलही थांबत नाही. म्हणून तो लंगडता घोडा चार दिवसांत पुन्हा रस्त्यावर आणतो. जखमी जनावराकडून काम करून घेणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. परंतु कायदा दंड सांगतो, विश्रांतीचे पैसे देत नाही. ते कोण देणार?

मित्रहो, आपल्या ट्रस्टमध्ये जीवदया खाते आहे. त्यातील रक्कम जीवांसाठीच वापरायची, हा नियम आपण कसोशीने पाळतो. माझी विनंती अशी, की घोडा ठरवतानाच लेखी करार करावा. त्यात वाटेतील फटाके बंद, पशुवैद्याचा क्रमांक आधीच हाताशी, आणि इजा झाल्यास उपचाराचा व पशुवैद्याने ‘कामास योग्य’ म्हणेपर्यंतच्या चाऱ्याचा खर्च या खात्यातून, या तीन अटी असाव्यात. घोडा ठरवण्यापूर्वी त्याचे गुडघे पाहावेत. जुने व्रण असतील तर तो पूर्वीही पडला आहे.

हे आपल्याला नवीन नाही. 1834 मध्ये मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला, त्यात सर जमशेटजी जीजीभाईंबरोबर आपले मोतीशा शेठ होते. परळचे बाई साकरबाई पशुरुग्णालय पेटिट कुटुंबाच्या दानातून 1880 च्या दशकात झाले. पैसा कोठे लावावा, हे त्या पिढीला कळत होते.

आणि घोडाच नको, असेही म्हणता येईल. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईत हौसेच्या फेऱ्यांसाठी चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. 2021 मध्ये तशाच दिसणाऱ्या विजेवरच्या गाड्या रस्त्यावर आल्या. आपल्याकडे तर भगवंतांचा रथ श्रावकांनी स्वतः ओढण्याची सुंदर परंपरा आहे. ती अधिकाधिक पाळली गेली, तर उत्तमच. परंतु जोवर एकही घोडा आपल्या मिरवणुकीत चालतो, तोवर त्याच्या विश्रांतीचे दिवस आपल्या वहीत नावे टाकले पाहिजेत.