रेषांची लिपि

नाशिकहून आग्रा रस्त्यानें निघालें म्हणजे बाणगंगेच्या कांठीं ओझर हें गांव लागतें. १९६४ सालीं तेथें मिग विमानें बांधण्याचा कारखाना निघाला, आणि गांवाच्या नांवालाही 'मिग' हें उपपद जडलें. सोव्हिएट परवान्यानें सुरू झालेल्या या कामांत पुढें सुखोई विमानांची भर पडली. विमान आकाशांत जाण्यापूर्वीं कागदावर जन्मास येतें. प्रत्येक भागाचा आकार कोणता, जाडी किती, भोक कोठें व केवढें, हें सर्व आराखड्यांत नमूद असतें. तो ज्याला वाचतां येत नाहीं, त्याच्या हातीं उत्तम यंत्र देऊनही उपयोग नाहीं. ज्या गांवावरून विमानें उडतात, तेथील शाळकरी मुलांना ही रेषांची लिपि केव्हां व कशी शिकवावी?

हा विषय अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. महाराष्ट्रांतील इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेंत घनभूमितीचा भाग असतो. परंतु तेथें भर असतो तो काढण्यावर. कंपास व पट्टी घेऊन आकृति बिनचूक काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढें ती वस्तु उभी राहतेच असें नाहीं. अर्थ न कळतां स्तोत्र पाठ म्हणावें, तसाच हा प्रकार होय. म्हणून वाचन आधीं, रेखन मागाहून.

आरंभ घरांतील पेल्यापासून करावा. पेला काढावयास सांगितला तर बहुतेक मुलें वरचें गोल तोंड आणि सपाट बूड एकाच चित्रांत दाखवितात. त्यांस रागें भरूं नये, "तुझा डोळा कोठें होता?" एवढेंच विचारावें. समोरून पाहतां दोन तिरप्या कडा दिसतात. थेट वरून पाहतां एकांत एक अशीं दोन वर्तुळें. एका चित्रांत डोळ्याची जागा एकच, हा पहिला धडा येथें पुरा होतो.

मग साबणाची वडी घ्यावी. शिक्षकानें समोरचें, वरचें व बाजूचें अशीं तीन दर्शनें द्यावीं, आणि मुलांनीं त्यांवरून वडी कापावी. चूक झाल्यास ती हातांतच दिसते. वडीला आरपार भोक पाडलें, कीं बाजूनें न दिसणाऱ्या त्याच्या कडा तुटक रेषांनीं कां दाखवितात हें आपोआप उमगतें. दिसतें तें ठळक, झांकलेलें तें तुटक.

दर्शनांच्या मांडणींतही भेद आहे. भारतांत व रशियांत वरचें दर्शन समोरच्या दर्शनाच्या खालीं मांडतात. अमेरिकेंत तें वर मांडतात. हा भेद ध्यानांत न घेणाराच्या हातून डाव्या बाजूचें भोक उजवीकडे पडतें, व धातूचा तुकडा वायां जातो. यासाठीं कागदावरील खूण प्रथम पाहण्याची संवय लहानपणींच लावावी.

शेवटीं वर्गाचाच नकाशा करावा. ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद खोली १:१०० या प्रमाणांत ८ सेंटिमीटर व ६ सेंटिमीटर होते. आराखड्यावर पट्टी ठेवून माप घेऊं नये, लिहिलेला आंकडाच प्रमाण मानावा, हा कारागिरांचा दंडकही येथेंच सांगावा. कारण कागद आखडतो, फुगतो, आंकडा बदलत नाहीं.

प्रत्येक मुलानें कारखान्यांतच जावें असें नव्हे. उद्यां घर बांधतांना त्याला नकाशा समजला नाहीं, तर खिडकी कोठें येणार हें भिंत उभी राहिल्यावरच कळेल. अठराव्या शतकांत गास्पार मोंझ या फ्रेंच गणित्यानें या विद्येस शास्त्राचें रूप दिलें, तेव्हां ती लष्करी गुपित म्हणून कित्येक वर्षें झांकून ठेविली होती. आज तें गुपित उरलेलें नाहीं. परंतु शाळेनें व घरानें ती शिकविली नाहीं, तर कारखान्याच्या कुंपणाबाहेर खेळणाऱ्या मुलांपुरती ती गुप्तच राहील.