चाचणीच्या पट्ट्यांना जागा द्या

मोबाइल आडवा केला की पडद्यावरचं चित्रही आडवं होतं. ज्या संवेदकामुळे हे घडतं, त्यात सिलिकॉनचा एक इवलासा भाग खरोखर हलत असतो. असं नवं सूक्ष्मयंत्र संशोधनासाठी पहिल्यांदा घडवताना चिपवरची निदान पाव जागा साध्या चाचणीच्या पट्ट्यांसाठी राखावी, असं मला आग्रहानं सांगायचं आहे. पहिला आक्षेप जागेचाच येतो, आणि तो खोटा नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या ‘मम्प्स’ योजनेत अनेक संशोधक सिलिकॉनच्या एका चकतीचा खर्च वाटून घेत आणि वाट्याला जेमतेम एक चौरस सेंटिमीटर येई. आपल्याकडे पवईच्या आयआयटीतली नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा एका राष्ट्रीय कार्यक्रमातून बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येते. पण तिथेही दुसरी खेप काही उद्याच निघत नाही. म्हणूनच तर यंत्र चाललं नाही, तर ते का चाललं नाही, हे त्याच चिपनं सांगायला हवं. बंद पडलेल्या यंत्राच्या पन्नास प्रतींना ते सांगता येत नाही.

घोटाळा बऱ्याचदा आराखड्यात नसतो, शेवटच्या टप्प्यात असतो. मम्प्समध्ये हलणारा पहिला थर २ मायक्रॉन जाडीचा, त्याखालचा ऑक्साइडही २ मायक्रॉनचाच. हायड्रोफ्लोरिक आम्लात ऑक्साइड विरघळला की सज्ज्यासारखी एका टोकाला धरलेली पट्टी अधांतरी राहते. मग चिप धुऊन वाळवायची. वाळताना पट्टीखाली उरलेलं पाणी आकसत जातं आणि तिला खाली ओढतं; पाणी उडून जातं, पट्टी मात्र तळाला चिकटून बसते. शेजारी चढत्या लांबीच्या पट्ट्यांची रांग असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतं: आखूड पट्ट्या तरंगताहेत, एका लांबीपुढच्या साऱ्या निजल्या आहेत. ती लांबी मोजली की चिकटण्याचा जोर आकड्यात मिळतो.

हे सगळं संगणकावर आधीच कळतं, असं काही जण म्हणतात. पण संगणकाला थराची जाडी सांगतो कोण? आपणच. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. थर १० टक्के जाड पडला, तर ताठपणा ३३ टक्क्यांनी चढतो. थरात मुरलेला ताण तर आराखड्यात दिसतच नाही. तो दिसतो दोन्ही टोकं बांधलेल्या पट्ट्यांच्या रांगेत: थर दाबाखाली असेल, तर ठरावीक लांबीपासून पुढच्या पट्ट्या कमानीसारख्या वाकतात. ती लांबी संगणकात घातली की दुसऱ्या खेपेचं गणित पुस्तकातल्या सिलिकॉनचं उरत नाही, हातातल्या थराचं होतं.