हृदयविकार : साहेबांचा की शिपायांचा?

(कामगारांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हृदयविकार हा मोठ्या पगाराच्या आणि मोठ्या जबाबदारीच्या माणसांचा रोग, असा समज सुशिक्षित घरांतून वर्षानुवर्षे चालत आला आहे. साहेबाच्या शिरावर कचेरीचा भार, म्हणून साहेबाचे हृदय खचते. हमाल अंगमेहनत करतो, रात्री निर्धास्त झोपतो, म्हणून तो सुखी! ही समजूत कोणाच्या सोयीची आहे, हे वेगळे सांगावयास नको. तिच्यातील असत्य ब्रिटिश सरकारच्या स्वतःच्या कचेऱ्यांतूनच उघड झाले.

लंडनच्या व्हाइटहॉल भागातील सुमारे १८,००० पुरुष सरकारी नोकरांची आरोग्य-पाहणी १९६७ साली सुरू झाली. या माणसांपैकी कोणी उपाशी नव्हता, कोणी बेकार नव्हता. औषधोपचार साऱ्यांनाच सरकारी आरोग्यसेवेतून मिळत होता. तरीही मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली जे निष्कर्ष मांडले ते धक्कादायक होते. सर्वांत वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या तुलनेत सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई-निरोप्यांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण साडेतीन पटींहून अधिक होते. मधल्या श्रेणी मध्येच होत्या. जिन्याची एकेक पायरी उतरावी तसतसे मरणाचे प्रमाण वाढत जात होते. खालचे लोक विड्या-सिगारेटी अधिक ओढतात, असे यावर कोणी म्हणेल. ते खरेही होते. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या सर्वांचा हिशेब करूनही निम्म्याहून अधिक तफावत उरतच होती.

ती कशाने, याचा शोध घेण्यासाठी १९८५ साली दुसरी पाहणी सुरू झाली. तीत १०,३०८ स्त्री-पुरुष होते. कामाचा बोजा किती, एवढेच न विचारता त्या कामावर माणसाची स्वतःची सत्ता किती, हेही तीत विचारण्यात आले. कोणते काम आधी करावे, केव्हा थांबावे, कसे करावे, हे ठरविण्याचा अधिकार ज्यांना नव्हता, त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला. साहेबाचा ताण त्याच्या हाती असतो. शिपायाचा ताण दुसऱ्याच्या हाती असतो. फरक पडतो तो येथे.

शरीरात हे घडते तरी कसे? संकट समोर आले की अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात उतरतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, साखर वाढते, रक्त लवकर गोठू लागते. वाघ दिसला तर पळून जाण्यासाठी निसर्गाने केलेली ही तरतूद आहे. वाघ गेला की सारे पूर्ववत होते. पण घरभाडे, कर्जाचा हप्ता, कंत्राट संपण्याची तारीख आणि मुकादमाची नजर हे वाघ जात नाहीत. मग चढलेला रक्तदाब उतरत नाही, पोटाभोवती चरबी साठते, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सूज येते. याच्या जोडीला झोप तुटते आणि मन मारण्यासाठी तंबाखू हातावर येते. व्यसन हे कारण खरे. पण त्या कारणालाही कारण असते.

डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात भारतीय रुग्णही होते. कामाचा ताण सतत असणाऱ्यांना झटक्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला. दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका इतरांहून सुमारे सहा वर्षे आधी येतो, हेही त्याच अभ्यासाने दाखविले. विरार किंवा कल्याणहून पहाटेची लोकल पकडून दिवेलागणीनंतर घरी परतणाऱ्या माणसाला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. अ‍ॅपच्या हुकमावर दुचाकी पळविणाऱ्या तरुणाला तर मालकाचा चेहराही दिसत नाही.

यावर हल्ली उपाय सुचविला जातो तो ध्यानधारणेचा. प्राणायाम, व्यायाम, हसणे, मित्रमंडळ या सर्व गोष्टी चांगल्याच आहेत. त्यांची टवाळी करण्याचे कारण नाही. विशेषतः सोबतीचा आधार हृदयाला लाभतो. गिरणगावातील खानावळी, गाववाल्यांच्या खोल्या आणि भजनी मंडळे हे याच आधाराचे रूप होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अडीच लाखांच्या घरातील कामगारांची वाताहत झाली, तेव्हा पगाराबरोबर हा आधारही उद्‌ध्वस्त झाला. पण बारा तास राबविणाऱ्याने दहा मिनिटांच्या ध्यानाचा उपदेश करावा, हा आरोग्याचा विचार नव्हे. ताण निर्माण करणारी व्यवस्था तशीच ठेवून तो सोसण्याची जबाबदारी एकट्या माणसावर टाकण्याचा तो डाव आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे सरकारचे सांगणे. दारात बेकारांची रांग उभी असताना संमतीला किती अर्थ उरतो? ४८ तासांच्या आठवड्यात हे जादा तास वाटले तर सरासरी ५९ तास होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्तपणे सांगितले, की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात अशा कामाने जगभर ७,४५,००० माणसे दगावली.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली, तेव्हा यांपैकी एकही आकडा उपलब्ध नव्हता. १९६९च्या माथाडी कायद्याने हमालाला कामाची शाश्वती दिली, ती कोणा हृदयतज्ज्ञाच्या सल्ल्याने नव्हे. कामगार चळवळीने जे न्यायासाठी मागितले, तेच हृदयासाठीही औषध होते, हे विज्ञानाने मागाहून सिद्ध केले. आठ तासांचा दिवस, नोकरीची हमी, कामाच्या जागी बोलण्याचा हक्क आणि कामाजवळ परवडणारे घर ही हृदयरोग टाळण्याची साधने आहेत. ती औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. ती संघटनेनेच मिळवावी लागतात.