दयारा बुग्याल : उन्हाळ्यांतील एक दिवस

हिमालय म्हटला कीं महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबाच्या डोळ्यांपुढें प्रथम हिमशिखरें उभीं राहतात आणि मागोमाग बदरी-केदारचीं देवालयें. परंतु शिखरांच्या खालीं आणि अरण्याच्या वर जो एक हिरवा पट्टा पसरलेला आहे, त्याकडे यात्रेकरूंचें लक्ष सहसा जात नाहीं. या गवताळ प्रदेशांस गढवालांत बुग्याल म्हणतात. उत्तराखंडांतील उत्तरकाशी जिल्ह्यांतला दयारा बुग्याल हा त्यांपैकींच एक. त्याचा विस्तार सुमारें २८ चौरस किलोमीटर असून उंची १०,००० ते १२,००० फूट आहे. गंगोत्रीच्या रस्त्यावर भटवाडी लागते. तेथून वरच्या अंगास बार्सू व रैथल हीं दोन गांवें आहेत. मोटारीची सोय तेथपर्यंतच. पुढें पायांवरच भिस्त.

मे-जून महिन्यांत बार्सूहून पहांटे निघालेला मनुष्य दयारा पाहून दिवेलागणीच्या आंत गांवीं परतूं शकतो. वाट सुमारें ८ किलोमीटरांची, पण चढ बराच असल्यामुळें चालण्याची संवय हवी. आरंभीं ओक वृक्षांचें दाट अरण्य लागतें. या वृक्षांच्या निरनिराळ्या जातींस तिकडे बांज, मोरू, खर्सू अशीं नांवें आहेत. मध्यें बरनाला येथें एक लहानसें तळें व मोकळें कुरण आहे. तेथें घटकाभर विसांवा घेतां येतो. त्यानंतर झाडें ठेंगणीं होत जातात, विरळ होतात आणि अखेर संपतात. पुढें दिसतें तें केवळ गवत : एका टेकाडामागून दुसरें, आणि त्यांच्या मागें ६,३१६ मीटर उंचीचें बंदरपूंछ शिखर.

इतक्या पावसाच्या प्रदेशांत वृक्ष एकाएकीं कां थांबावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचें उत्तर पाण्यांत नसून उष्णतेंत आहे. येथें वर्षांतील कित्येक महिने भूमि बर्फाखालीं असते आणि वाढीस मिळणारा ऋतु फार थोडा. तेवढ्या अवधींत नवें लांकूड पोसून घट्ट करणें वृक्षाला साधत नाहीं. गवताचा व लहान वनस्पतींचा संसार याहून आटोपशीर असतो. त्यांचे अंकुर जमिनीलगत किंवा जमिनीच्या पोटांत राहतात. वरचा बर्फ हेंच त्यांचें पांघरूण. तें निघालें कीं थोड्याच आठवड्यांत पालवी, फूल व बीं हीं सारीं कामें उरकावयाचीं असतात. उन्हाळ्यांत वितळत्या बर्फाच्या कडेलाच प्रिम्युलाचीं जांभळीं व पोटेंटिलाचीं पिवळीं फुलें दिसतात तीं या घाईमुळेंच.

या हिरवळीखालची माती मात्र पातळ आहे. मुळ्यांनीं विणलेल्या घोंगडीप्रमाणें गवतानें तिला धरून ठेवलें आहे. तंबूभोंवतीं खणलेला चर, चुलीची जागा किंवा एकाच वाटेनें वारंवार गेलेलीं खेंचरें एवढ्यानेंही ही वीण उसवते. मग पावसाळ्याचें पाणी तेथें शिरतें, भेग रुंदावते आणि पुढें तिचा ओहोळ होतो. दयारावर पडलेल्या अशा घळी बुजविण्यासाठीं २०१९ नंतरच्या वर्षांत वनखात्यानें काथ्याच्या जाळ्या आणि चीडवृक्षाच्या वाळलेल्या सुयांचे भारे वापरले. समुद्रकांठच्या नारळाचा काथ्या दहा हजार फुटांवरील माती सांवरावयास न्यावा लागला, यावरून दुखापतीची कल्पना यावी.

ऑगस्ट २०१८ मध्यें उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानें बुग्यालांवर रात्रीं मुक्काम करण्यास मनाई केली आणि पर्यटकांच्या संख्येस दोनशेंची मर्यादा घातली. उन्हाळी शिबिरांवर ज्यांची उपजीविका चाले, त्या वाटाड्यांस व खेंचरवाल्यांस हा निर्णय जड गेला. त्यांची अडचण खोटी नव्हती. डोंगरी गांवांत दुसरा रोजगार सहज मिळत नाहीं. पण ज्या गवतावर तो रोजगार उभा, तेंच वाहून गेलें तर पुढच्या पिढीच्या हातीं काय राहणार, हाही प्रश्न तितकाच खरा होता. गुरांच्या बाबतींत न्यायालयानें भेद केला : व्यापारी चराई बंद, स्थानिक गुराख्यांस मोकळीक. हा भेद विचार करण्याजोगा आहे. फुलांच्या खोऱ्यांत १९८२ सालीं राष्ट्रीय उद्यान होऊन चराई थांबली. पुढें तेथें एक उंच तण माजलें, आणि त्याचा संबंध कांहीं अभ्यासकांनीं चराई थांबण्याशीं जोडला. इतरांस तें मान्य नाहीं. तेव्हां गुरें तेवढीं वैरी, असें सरसकट म्हणतां येत नाहीं.

रैथलचे लोक उन्हाळ्यांत गुरें घेऊन वर जातात आणि छानी नांवाच्या साध्या झोंपड्यांत राहतात. थंडीच्या आधीं तीं गुरें खालीं उतरवितात. तत्पूर्वीं, ऑगस्टच्या मध्यास भाद्रपद संक्रांतीला, दयारावर अंडूडी नांवाचा उत्सव होतो. लोक एकमेकांस ताक व लोणी फांसतात आणि गुरांचें रक्षण करून दूधदुभतें दिल्याबद्दल देवतांचे आभार मानतात. महाराष्ट्रांतील मनुष्यास तो पाहून दहीकाल्याची आठवण व्हावी. ज्या गवतानें वर्षाचें दूध दिलें, त्याचें देणें तेथेंच उभें राहून मान्य करावयाचें, हा त्या उत्सवाचा अर्थ आहे.

उन्हाळ्यांतील प्रवाशानेंही तितकेंच करावें. दुपारनंतर ढग दाटतात व कधीं गाराही पडतात, म्हणून माथ्यावर लौकर पोंचावें. मळलेली वाट सोडूं नये, फूल तोडूं नये, शिदोरीचा कागदसुद्धां परत आणावा. रात्रीचा मुक्काम गांवांत केला तर गांवकऱ्यांच्या घरीं दोन पैसे जातात आणि बुग्यालावर खुंटी ठोकावी लागत नाहीं. तंबूशिवाय दयारा अपुरा राहिला असें वाटण्याचें कारण नाहीं. सकाळीं दंवानें भिजलेलें आणि दुपारीं ढगांच्या सांवल्यांनीं व्यापलेलें तें कुरण एका दिवसांत पुरेसें पाहून होतें; आणि पाहुणे सांजवेळीं उतरून गेले, तर पुढच्या उन्हाळ्यांत येणाऱ्यांसाठींही तें तसेंच राहील.